सुरुवात जड जाते तेव्हा

साधकहो, मेट्टूर धरणाचे दार १२ जूनला उघडायची प्रथा आहे. पण पाणी कालव्यात येईपर्यंत मेलकावेरी-कुंभकोणम भागात कालव्यावरच अवलंबून असलेल्या शेतातली कुरुवईची लावणी थांबते. त्या शेतकऱ्याला आपण आळशी म्हणतो का? एडीएचडी असलेल्यांचे असेच होते. काम महत्त्वाचे आहे हे पक्के ठाऊक असते, तरी मेंदू हलत नाही. स्वतःला बोल लावू नका. अपराधीपणाने पाय अजून जड होतात. (हे नुसत्या जपाने बरे होते असे मी म्हणणार नाही, डॉक्टरांना जरूर भेटा.) आज अख्खा अभ्यास नको. वही उघडा, तारीख लिहा. शेजारी कुणाला त्याचे काम घेऊन बसवा. सेवेत सगळे एकत्र बसले की हात आपसूक चालू लागतात, हे आपण पाहतोच.