कुणी बघत नसताना

"एकटाच आलाय व्हय?"

गुंजवण्यात बाईक उभी करून तंबूसाठी जागा विचारायला गेलो, तेव्हा मावशींनी पहिला प्रश्न हाच विचारला. मी जरा ऐटीतच हो म्हणालो. पुण्याहून नसरापूर, मग मार्गासनी, तिथून साखर आणि शेवटी राजगडाच्या पायथ्याचं हे गाव. जानेवारीची थंडी, कॅरिअरला बांधलेला तंबू, आणि डोक्यात एकच गोष्ट: दोन दिवस कुणाला काही सांगायचं नाही, कुणाचं काही ऐकायचं नाही.

काकांनी भात काढून मोकळं झालेलं खाचर दाखवलं. पैसे घेतले नाहीत. अट एकच घातली. "शेकोटी नको. वारं सुटलं की आवरत नाय." बांधापलीकडे वाळलेलं गवत होतं आणि त्याच्या पुढे पेंढ्याची गंजी. पावसाळा लागेपर्यंत त्यांची जनावरं त्यावरच जगणार होती.

रात्री वारं सुटलं. तंबूचं कापड इतकं फडफडत होतं की झोप लागणं शक्यच नव्हतं. जमीन कडक असल्याने खुंट्या नीट बसल्या नव्हत्या, त्यातली एक उपटली गेली. आपल्या शरीराभोवती आपल्याच उबेचा एक पातळ थर असतो, वारा तो सतत उडवून नेतो. म्हणून तेवढ्याच थंडीत वाऱ्यावर जास्त गारठायला होतं. हे मला माहीत होतं. माझी स्लीपिंग बॅग मात्र पातळ होती. दोनच्या सुमारास दात वाजायला लागले आणि हात खिशातल्या लायटरकडे गेला.

मी स्वतःशी जो वाद घातला, तो प्रामाणिकपणे सांगतो. छोटीशीच पेटवू. दोन दगडांच्या आड. दहा मिनिटं. सगळं गाव झोपलंय, कुणाला कळणार?

या वादात दोन प्रश्न होते. एक, यातून काही होईल का? दुसरा, कुणाला कळेल का? मी उत्तर दिलं फक्त दुसऱ्याचं, आणि पहिल्याचंही दिलं असं समजून काटक्या गोळा केल्या.

पाचेक मिनिटं छान ऊब मिळाली. मग वारा फिरला. एक ठिणगी दगडावरून उडून बांधावरच्या गवतात पडली आणि तिथे लगेच ज्वाळ दिसली. मी बुटांनी तुडवली, बाटलीतलं सगळं पाणी ओतलं, शेकोटीवर माती लोटली. जळालं ते ताटाएवढं गवत. गंजी तिथून वीसेक पावलांवर होती. उरलेली रात्र मी त्या काळ्या डागाशेजारी बसून काढली.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एका मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते, आणि तो राजाला मारून राज्य बळकावतो. प्रश्न असा, की अशी अंगठी मिळाली तर नीट वागायचं कशासाठी? कॉलेजात वाचताना ही गोष्ट मला फार लांबची वाटली होती. त्या रात्री लक्षात आलं की सोलो ट्रिप हीसुद्धा एक स्वस्तातली अंगठी आहे. राज्य नको होतं, मला फक्त ऊब हवी होती. पण मेंढपाळाचा आणि माझा हिशोब एकाच जातीचा होता.

"माझी रिस्क, माझी जबाबदारी" हे वाक्य आपण सहज बोलतो. पण रिस्क कधी फक्त आपली असते का? थंडी मी निवडली होती. गंजी जळाली असती तर तिची झळ ज्यांना लागणार होती, त्यांनी काहीच निवडलं नव्हतं. उलट, त्यांनी जागा दिली म्हणून मला एकटं राहता आलं. एकटेपणात बाकीची माणसं नाहीशी होत नाहीत. ती फक्त झोपलेली असतात.

सकाळी सांगायचं की नाही? तंबू आवरून निघालो असतो तर तो डाग कुणी माझ्या नावावर टाकलाही नसता. खरं सांगतो, बाईकला सामान बांधून झालं होतं. मग गेलो आणि सांगितलं.

काका काही न बोलता बांधावर आले. वाकून राखेत हात घातला, आत कुठे धुमसत नाही ना ते बघितलं. "पाणी वतलं व्हतं?" "हो." "मग चहा घ्या, आन् ऊन व्हायच्या आत गडावर जाऊन या." रागावले असते तर हिशोब तिथेच मिटला असता. ते रागावले नाहीत, म्हणून तो अजून चालू आहे.

चोर दरवाज्याने वर चढलो आणि सुवेळा माचीवरच्या नेढ्यात जाऊन बसलो. वारा त्या भोकातून सरळ अंगावर येत होता. राजगड पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी होता, आणि त्या काळात या माचीवर रात्रीचा पहारा असणारच. पहारेकरीही एकटाच असायचा, वाऱ्यात, थंडीत. डुलकी लागली तर बघणारं कुणी नाही. पण त्याच्या भरवशावर गड झोपायचा. त्याला ते ठाऊक असायचं. मला पायथ्याशी ते विसरायला झालं होतं.

म्हणून एकट्याने जाऊच नये, असं मला वाटत नाही. मित्र सोबत असते तर त्यांनी मला अडवलं असतं किंवा चढवलं असतं, आणि दोन्ही वेळा दोष वाटून घेता आला असता. एकटा होतो, म्हणून तो हिशोब कुणाचा आहे हे लपलं नाही.

पुढच्या थंडीत पुन्हा जायचं आहे, एकट्यानेच. फक्त त्या घरी आधी फोन करून, आणि जाड गोधडी घेऊन.