बारशाचं नाव आणि दाखल्यावरचं नाव

बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकते, 'कुर्रर्र' करते आणि नाव सांगते. तिच्या तोंडून जसं येतं, तसंच ते नाव असतं. पुढे ते जन्मदाखल्यावर कानडीत आणि इंग्रजीत उतरतं आणि मग जो तो आपापल्या परीने ते वाचायला लागतो.

लोंढा हे खानापूर तालुक्यातलं जंक्शन. इथून गाडी बेळगावला जाते, हुबळीला जाते, कॅसलरॉकवरून गोव्यातही उतरते. घरात मराठी, बाजारात कानडी, घाटाखालच्या सोयऱ्यांशी कोंकणी, फलाटावर हिंदी. गावाच्या स्वतःच्या नावातला ढ इंग्रजी पाटीवर टिकत नाही, तिथे लेकराच्या नावाचं काय!

मुलीचं नाव प्रज्ञा ठेवलं असं समजा. आपण 'प्रद्न्या' म्हणतो आणि इंग्रजीत डी-एन-वाय लिहितो. कानडी शिक्षक ज्ञ जवळपास 'ग्न्य' असा म्हणतात, पण लिहिताना जे-एन लिहितात. बंगळूर विद्यापीठाच्या 'ज्ञानभारती' आवाराचं स्पेलिंग तसंच आहे. हिंदी भाषक 'प्रग्या' म्हणतो. मूळ जोडाक्षर ज आणि ञ यांचं. ते जसंच्या तसं यांपैकी कुणाच्याच जिभेवर उरलेलं नाही. म्हणून दुसऱ्याचा उच्चार अशुद्ध ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही, आपल्यालाही नाही. आपल्या लेकीला घरच्या उच्चाराने हाक मारा, हे सांगण्याचा अधिकार मात्र पुरेपूर आहे.

गीता, कविता, ज्योती या नावांची गोष्ट वेगळी. दक्षिणेत त साठी टीएच आणि ट साठी टी लिहायची पद्धत आहे. ती तर्काला धरून आहे. आपण दोन्हींना टीच लावतो. घोटाळा होतो तो एकाच मुलीच्या एका कागदावर टी आणि दुसऱ्यावर टीएच आला की. आणि जाई-जुईचं दुखणं तर आपल्याच लिपीतलं. जाईतला ज आणि जयामधला ज वेगळे, पण अक्षर एकच. जे आपण लिहीतच नाही, ते कानडी वाचकाने ओळखावं कसं?

तरीही उच्चाराच्या या प्रश्नात कानडीला परकी मानणं मला पटत नाही. गोपाळमधला ळ दिल्लीत हरवतो, हुबळीत हरवत नाही. ण सुद्धा तिथे शाबूत राहतो. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं आणि पुरंदरदासांनी आपल्या पदांवर 'पुरंदर विठ्ठल' ही मुद्रा उमटवली. खानापूर तालुक्यातल्या मराठी घरांतल्या जुन्या माणसांची नावं आठवा: यल्लाप्पा, कल्लाप्पा, नागाप्पा. त्यातला 'अप्पा' कानडी आहे, आणि म्हणून त्या माणसांचं मराठीपण तसूभरही उणं झालं नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला, सीमेचा वाद आजही सर्वोच्च न्यायालयात आहे. पण नावांची ही देवघेव त्याच्या कितीतरी आधीची.

मला काळजी वाटते ती नव्या आवडीची. आरव, विहान, अन्वी. नावं गोड आहेत, पण ती निवडताना 'कुठेही अडायला नको' हा हिशेब वारंवार कानावर येतो. या हिशेबात ज्ञ आधी गळतो, मग ळ, मग ढ. सातेरी, रवळनाथ ही या मातीतल्या देवतांची नावं तर पाळण्यापर्यंत पोचेनाशी झाली आहेत. जिभेला थोडा व्यायाम पडतो म्हणून नाव टाकून द्यायचं, हे चूक आहे. मास्तरांना दोनदा सांगितलं की ते नीट म्हणतात. मग वर्गातल्या बसवराज आणि शरणव्वाची नावंही आपल्या मुलांनी तितक्याच आस्थेने म्हणायला हवीत.

आता कागदाचं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे त्यावरच्या स्पेलिंगचं वजन वाढलं आहे. जन्म 21 दिवसांत नोंदवा, पण नाव ठरलं नसेल तर उगाच घाई करू नका. ते 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, नंतर शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. नाव कानडीत आणि इंग्रजीत कसं लिहायचं ते आधी घरात बसून ठरवा, कानडी जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि अर्जावर स्वतःच्या हाताने लिहून द्या.