द्रीनेवरील पुलाचे ऋण

बोस्नियातील विशेग्राड गावी द्रीना नदीवर अकरा कमानींचा दगडी पूल उभा आहे. ऑटोमन साम्राज्याचा वजीर मेहमेद पाशा सोकोलोविच याने तो १५७१ ते १५७७ या काळात, सिनान या विख्यात स्थपतीकडून बांधून घेतला. हा वजीर मूळचा त्याच मुलखातील ख्रिस्ती घरचा. सुलतानाच्या चाकरीसाठी ख्रिस्ती घरांतून मुलगे उचलून नेत, त्यांपैकी तो एक.

इव्हो आंद्रिच यांनी या पुलावर लिहिलेली कादंबरी १९४५ साली प्रसिद्ध झाली. आंद्रिच कॅथलिक आईबापांचे पुत्र. त्यांचे बालपण याच गावी आत्याकडे गेले. कादंबरीत, तरीतून नदीपार नेला जाणारा तो मुलगा छातीत एक कळ घेऊन जातो, आणि पुढे वजीर झाल्यावर ती कळ शमावी म्हणून पूल बांधतो. परंतु त्याचा मुकादम आबिदागा गावकऱ्यांना वेठीस धरतो. रात्री काम मोडणाऱ्या रादिसाव या शेतकऱ्याला जिवंतपणी सुळावर चढवले जाते. मजुरीचा पैसा आबिदागा स्वतःच गिळत होता, हे कळताच वजीर त्याला काढून टाकतो. त्यानंतरच्या मजुरांना दाम मिळतो.

आधीच्यांचे काय? नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही घोकले होते की, हेतू चांगला म्हणून साधन शुद्ध होत नाही आणि पश्चात्तापाला भरपाईची जोड लागते. वजिराने भरपाई केल्याचे आंद्रिच सांगत नाहीत. तरीही पुढे शतकानुशतके लोक त्या पुलावरून कोरड्या पायांनी गेले, हेही खोटे नव्हे. आमच्या मते पुण्याची रक्कम पापाच्या खात्यातून वजा होत नाही; दोन्ही नोंदी तशाच राहतात. वजिराच्या बालपणीच्या दुःखाची आम्हांला कणव येते, पण रादिसावच्या सुळाची किंमत त्यातून चुकती होत नाही.

आम्ही सेमिनरीत होतो त्या १९९२ साली सर्ब सशस्त्र टोळ्यांनी याच पुलावर मुस्लिम नागरिकांना ठार करून नदीत फेकले. रादिसावच्या प्रकरणाने सर्बांच्या मनात सूडाचे बीज पेरले, असा दोष काही जण कादंबरीला देतात. आम्हांला तो पुरता पटत नाही. कादंबरीतील अलीहोजा हा मुसलमान दुकानदार लेखकाने किती मायेने रंगवला आहे! तथापि हात झटकून मोकळे होण्याचा अधिकार आम्हांला नाही. पवित्र सप्ताहात प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त ऐकून बाहेर पडलेल्या जमावांनी युरोपात ज्यूंवर हल्ले केले, हा आमच्याच घरचा इतिहास आहे. म्हणून वृत्तान्त वाचणे थांबवता येत नाही. पण तो वाचून दाखवणाऱ्याने समोर कोण बसले आहे आणि ते काय घेऊन घरी जाणार आहेत, याची काळजी वाहिलीच पाहिजे. ती आम्ही प्रत्येक वर्षी वाहिली, असे आम्हांला म्हणवत नाही.

हा पूल २००७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. २०१० साली नदीच्या खालच्या अंगाच्या धरणाचे पाणी उतरवले, तेव्हा मारल्या गेलेल्यांपैकी काहींच्या अस्थी गाळात सापडल्या.