शेंदराखालचा दगड

पुण्यात कुठल्याही जुन्या वस्तीत शिरा, रस्त्याच्या कडेला शेंदूर फासलेला एखादा दगड भेटतोच. म्हसोबा, वेताळ, सटवाई, नाहीतर नुसताच ‘देव’. स्कूटरवरून जाणारा माणूस हँडलवरचा एक हात काढून छातीला लावतो आणि सिग्नल सुटला की पुढे होतो. हा देव नेमका इथेच का बसला, त्याला शेंदूर कोण लावतं, त्याला कोंबडं चालतं की नारळावर भागतं, हे प्रश्न त्याला पडत नाहीत. पडायचं कारणही नाही. देव ओळखीचा आहे. नव्या गोष्टीचं कुतूहल वाटायला फारसं काही लागत नाही. पहिल्यांदा विमानतळावर गेलेला माणूस प्रत्येक पाटी वाचतो. रोजच्या गोष्टीकडे पाहणं अवघड, कारण तिचं उत्तर आपल्यापाशी आधीपासून तयार असतं.

असे प्रश्न विचारत हिंडणारा एक माणूस याच शहरात होऊन गेला. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७ साली गोव्यात, शिक्षण हार्वर्डमध्ये, पेशा गणिताचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना ते पुण्यात राहत आणि डेक्कन क्वीनने जा-ये करत. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक, त्यामुळे विद्या घरातच होती. पण मला इथे कोसंबींच्या विद्वत्तेपेक्षा त्यांच्या खोडीबद्दल बोलायचं आहे: हाताशी असेल ती वस्तू पुरावा म्हणून उचलायची खोड.

नाण्यांचंच घ्या. तक्षशिलेला चांदीच्या आहत नाण्यांचे साठे सापडले होते. त्यांवर ना राजाचं नाव, ना साल. नुसती ठोकलेली चिन्हं. चिन्हांचे अर्थ लावण्याची खटपट चालू होतीच. कोसंबींनी तराजू काढला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, हे तर कुणीही सांगेल. पण किती झिजतं आणि कसं? ते बघायला त्यांनी चालू व्यवहारातली, तुमच्या-आमच्या खिशातली नाणी गोळा करून तोलली. टाकसाळीतून निघताना सगळी जवळपास एका वजनाची असतात. वर्षं जातात तशी सरासरी उतरते आणि नाण्यानाण्यातला फरक वाढत जातो, कारण एखादं बाजारभर भटकतं, एखादं डब्यात पडून राहतं. हाच हिशेब त्यांनी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या नाण्यांना लावला. नाण्याच्या मागच्या बाजूला बारीक खुणा जितक्या जास्त, तितकं वजन कमी, असं दिसलं. म्हणजे नाणी वेळोवेळी पारखली जात आणि दर वेळी एक खूण उमटे. साल नसलेल्या नाण्यांची मागची-पुढची रांग अशी लागली. १९४० पासून या विषयावरचे त्यांचे लेख येऊ लागले. त्यांतलं गणित मला पुरतं झेपत नाही, पण किराणा दुकानातल्या सुट्या पैशांपासून तक्षशिलेपर्यंत जायची ती वाट मात्र कुणालाही कळण्यासारखी आहे.

मग धनगर. पावसाळ्यात मावळातल्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात, म्हणून कळप पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात जातात आणि पाऊस सरला की परत पश्चिमेकडे वळतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो. रात्रभराच्या लेंडीखताबद्दल धनगराला धान्य मिळतं. हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कोसंबींनी त्या वाटा बघितल्या, वाटेवरची देवस्थानं बघितली आणि देवस्थानांच्या आसपासच्या मातीत गारगोटीची इवलीशी पाती शोधली. नांगर यायच्या आधीच्या माणसांची ती हत्यारं. त्यांचा तर्क असा, की शेंदूर लावलेल्या पुष्कळ जागा गावांपेक्षा जुन्या असाव्यात. त्या माणसांच्या ये-जा करण्याच्या वाटा जिथे मिळत, तिथे देव बसले. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हे १९६२ चं पुस्तक वाचताना आपण ग्रंथालयात बसलेलो नसून कुणाच्या तरी मागून माळावरून चालतो आहोत असं वाटत राहतं.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की विचारायचं कुणाला हे त्यांनी बदललं. देवाबद्दल पुराणिकाला विचारायचं, ही आपली रीत. त्यांनी गुरवाला, मेंढपाळाला, नवस फेडायला आलेल्या बाईला विचारलं. आपल्यापेक्षा कमी शिकलेल्या माणसाला खराखुरा प्रश्न विचारणं ही सुशिक्षित मराठी माणसाला आजही जड जाणारी गोष्ट आहे. आपण त्याला प्रश्न विचारतो ते बहुधा परीक्षा घेतल्यासारखे.

मोकळं मन म्हटलं की हसतमुख, सगळ्यांशी जुळवून घेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. कोसंबी तसे अजिबात नव्हते. तिखट, तुसडे, समोरच्याचं लिखाण फाडताना भीड न ठेवणारे. पुराव्याला दार उघडं ठेवणं आणि माणसांशी गोड असणं यांचा संबंध असेलच असं नाही, आणि मला तर गोडवा पुष्कळदा संशयास्पद वाटतो. सगळ्याला हो म्हणणाऱ्याला काहीच तपासावं लागत नाही. कोसंबींचा बेधडकपणा त्यांना महागही पडला. रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता आपल्याला मिळाली असं समजून त्यांनी १९५९ साली ती चक्क कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापली. सिद्धता टिकली नाही, नावाला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेतली नोकरीही संपली.

नोकरी नसण्यावरून पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली आठवतात. जर्मनीहून परतल्यावर हाताला काम नव्हतं, म्हणून ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. १९३० च्या पावसाळ्यात घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. लोंबणारी घरटी कोकणात कुणी पाहिली नव्हती? पण ते तासन्‌तास बघत बसले. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर ठाण मांडते. मग नर ते पुरं करून देतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. इतका उघड कारभार, रोज सगळ्यांच्या डोक्यावर चाललेला.

रिकामा वेळ मात्र लागतो. दोन नोकऱ्या आणि लोकलचा प्रवास करणाऱ्या बाईला ‘कुतूहल जागं ठेवा’ असं सांगणारा माणूस मला उद्धट वाटतो. ज्यांना वेळ आहे त्यांची गोष्ट वेगळी. आपली चौकस बुद्धी शेजाऱ्याचा पगार आणि त्याच्या मुलीचं लग्न यांवर खर्च होते, आणि तिथेही निकाल आधीच लागलेला असतो. बाकीचं सगळं फोनला विचारून होतं. फोन वाईट नाही. मी दिवसभर वापरतो. पण आधी कुणीतरी विचारून नोंदवून ठेवलेलंच तो सांगू शकतो. तुमच्या चौकातल्या म्हसोबाला आधी कुणी विचारलेलंच नसेल, तर तो काय सांगणार?

सुरुवात खिशातूनही करता येते. नाण्यावर सालाच्या खाली बघा. शंकरपाळ्यासारखी खूण असेल तर ते मुंबईच्या टाकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. सांगलीच्या भाजी मंडईत मूठभर सुटे घेतले तर चारही टाकसाळी हाती लागू शकतात. कोलकात्याचं नाणं सांगलीत कुणाच्या हातून आलं असेल? अर्थात आता भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडचा पुठ्ठा पुढे करते, आणि नाणी फिरतात कमी, झिजतात कमी. दोन हजार वर्षांनी कुणी आपली नाणी तराजूत घालेल, तेव्हा ती जवळजवळ कोरी निघतील, आणि या लोकांचा बाजार अचानक बसला असावा, असा निष्कर्ष तो बिचारा काढील.