दप्तर भरायला कुणी शिकवलं तुला?

परवा ठाण्याला ऐरोलीच्या गाडीत जी बॅग माझ्या चष्म्यावर आदळली, ती तुझी होती. मी हाक मारली नाही. मारली असती तर तू गर्रकन वळला असतास आणि आणखी दोघांची तोंडं फुटली असती. अख्खा डबा "बॅग पुढे घे" म्हणून ओरडत होता आणि तू कानात बोळे घालून मोबाईल बघत होतास. संध्याकाळी पुन्हा तुझाच फोन. "सर, बॅगेची चेन गेली. नवीन कुठली घेऊ? फोटो पाठवतो." सात फोटो आले, सातही पाहिले. आता मुकाट्याने ऐक.

पहिली बॅग 45 लिटरची. कशाला रे? तू बदलापूरहून ऐरोलीला कामाला जातोस, कैलास-मानसरोवराला नाही. लॅपटॉप, चार्जर, डबा, बाटली, छत्री एवढं 20 ते 25 लिटरांत मावतं. वर एखादा सदराही बसतो. मोठी बॅग घेतलीस की ती भरणारच, आणि कशाने भरते हे मला चांगलं ठाऊक आहे. 2015 च्या जुलैत शासनाचा निर्णय आला की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको. तेव्हा मी शाळेच्या दारात वजनकाटा मांडून बसलो होतो. तू आठवीत होतास. तुझ्या दप्तरातून बारा वह्या निघाल्या, त्यातल्या तीन सातवीच्या, शिवाय एक कॅरमचा स्ट्रायकर. "रात्री वेळापत्रक बघून दप्तर भरायचं" हे वाक्य मी वर्षभर घोकून घेतलं तुमच्याकडून. आज तुझ्या बॅगेत काय आहे, शपथेवर सांग. जिमचे बूट आहेत ना? जिम कधी सोडलीस?

हिशेब करू. लॅपटॉप 2 किलो. चार्जर अर्धा. लिटरभर पाण्याची बाटली, बाटलीचं वजन धरून, किलोच्या वर. स्टीलचा भरलेला डबा किलोभर. झाले साडेचार. तुला आवडलेली ती 45 लिटरची रिकामीच दीड किलोची, म्हणजे 6. महिन्यातून एकदा बंगळुरूला जातोस, तिथे विमानात सोबत न्यायच्या बॅगेला 7 किलोची मर्यादा. दोन दिवसांच्या कपड्यांना तुझ्याकडे उरला 1 किलो. सातांपैकी एकाही बॅगेचं रिकामं वजन तू पाहिलं नाहीस. कप्पे मात्र मोजलेस. "सर, हिला अठरा कप्पे आहेत!" अठरा कप्प्यांतून किल्ली शोधत दारात उभा राहणार आहेस तू.

आता ते 15.6 इंच. मी तुला गणित शिकवलं याची मला लाज वाटावी असा प्रश्न तू विचारलास: "लॅपटॉप 16 इंचाचा आहे, 15.6 च्या बॅगेत जाईल का?" अरे, तो पडद्याचा कर्ण आहे! कर्ण जवळपास सारखा म्हणून आयत सारखा होतो का? एक पडदा 16 बाय 9 या प्रमाणात असतो, दुसरा 16 बाय 10 मध्ये. रुंदी जुळते, पण उंचीत फरक पडतो, आणि कडेची पट्टी वेगळीच. पट्टी घे, लॅपटॉपची लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये लिही आणि कप्प्याच्या मापाशी ताडून बघ. त्याहून बरं म्हणजे लॅपटॉप घेऊनच दुकानात जा. दुकानदार खाणार नाही.

तिथे गेल्यावर लॅपटॉपच्या कप्प्यात हात घालून तळ चाचप. कप्प्याचा तळ बॅगेच्या तळापासून दोन बोटं वर हवा. तसा नसेल तर दर वेळी बॅग फलाटावर टेकवलीस की लॅपटॉपचा कोपरा फरशीवर आपटणार, मग वर कितीही फोम असो. लॅपटॉप पाठीला लागून बसला पाहिजे, म्हणजे जड वस्तू अंगाजवळ राहते आणि बॅग मागे ओढत नाही. त्या कप्प्याला चेनही वेगळी हवी. विमानतळावर तपासणीला लॅपटॉप बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवावा लागतो, तेव्हा मागच्या रांगेला तुझे मोजे बघायचे नसतात. खांद्याचे पट्टे जिथे जोडलेत तिथली शिवण बघ: चौकोन आणि त्यात फुली अशी टीप असेल तर टिकेल. आणि पट्टे आवळून घे. बॅग पाठीवर बसवतात, कमरेखाली लोंबकळत ठेवत नाहीत.

यूएसबी पोर्टवाल्या बॅगेचं तुला फार कौतुक. त्या भोकातून वीज येत नाही, बाळा. आत एक वायर असते. पॉवर बँक तुझीच. ती विमानात बरोबर ठेवायची, चेक-इनच्या सामानात चालत नाही. वीस हजार एमएएच गुणिले 3.7 व्होल्ट म्हणजे 74 वॉट-अवर; मर्यादा 100 ची. हे तरी आठवीच्या गणितात बसतं ना?

"वॉटरप्रूफ" या शब्दावर तर तू भाळलासच. 2019 च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती. तिथे राहून तू चिठ्ठीवरच्या छापील शब्दावर विश्वास ठेवतोस? कापडाला आतून लेप असतो हे खरं, पण पाणी शिरतं ते शिवणीतून आणि चेनीतून. वरून रेनकव्हर चढवलंस तरी पाठीकडची बाजू उघडीच, आणि तुझ्या पाठीवरून ओघळणारं पाणी तिथूनच झिरपतं. नेमका तिथेच लॅपटॉप. जून ते सप्टेंबर तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच बॅगेत ठेव. दिसायला गावठी दिसेल. दिसू दे.

आणि सगळ्यात शेवटी, जे सर्वांत आधी विचारायला हवं होतंस. चेन गेली म्हणजे काय गेलं? दाते शाबूत आहेत, मी गाडीत पाहिलं. चष्म्यापासून अंतर फारसं नव्हतंच. रनर ढिला झालाय. कोंबून भरलेली बॅग गुडघा देऊन बंद केलीस की दुसरं काय होणार? रनर बदलून मिळतो. बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन ये आणि ते सातही फोटो पुसून टाक. त्यानंतरही नवी लागलीच तर 25 लिटरच्या वरची मला दाखवू नकोस.

गाडीत शिरताना बॅग छातीवर घे, नाहीतर वर रॅकवर दे. गर्दीत पाठीवरची बॅग म्हणजे बिनतिकिटाचा दुसरा प्रवासी.

रविवारी सकाळी दहाला घरी ये. बॅग आज आहे तशी, एकही वस्तू न काढता आण. वजनकाटा मी माळ्यावरून काढून ठेवलाय. येताना चष्मेवाल्याचे पैसेही आण, उजवी काडी वाकलीये.