एका ताटाचे अनेक भोक्ते

आपण जेवावयास बसतो तेव्हा जेवणारे आपण एकटेच असतो काय? आपल्या आतड्यांत अब्जावधी सूक्ष्मजंतू वास करतात व आपल्याच अन्नावर जगतात. धान्याचा कोंडा, डाळी, भाज्या यांतील जो चोथा आपणांस पचत नाही, तो ते पचवितात आणि त्यापासून आतड्याच्या अस्तरास पोषक अशी आम्ले निर्माण करतात. आपल्याच भोपाळच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी भोपाळ व केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींच्या जंतूंचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. बहुतांशी शाकाहारी अशा भोपाळकरांत ‘प्रिव्होटेला’ नामक जंतूंचे प्राबल्य आढळले. जसे अन्न, तसे सहभोजक.

आतड्यांतील रक्त प्रथम यकृतात जाते; तेव्हा जंतूंच्या बऱ्यावाईटाचा पहिला वाटेकरी यकृतच. अंडी व मांस यांतील काही घटकांपासून जंतू जे द्रव्य बनवितात, त्याचे यकृतात रूपांतर होते. हे रूपांतरित द्रव्य रक्तात अधिक असणाऱ्यांत हृदयविकार अधिक आढळतो, असे अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील संशोधकांनी २०११ साली दाखविले. त्यापूर्वी २००६ साली सेंट लुईस येथे लठ्ठ उंदरांचे जंतू जंतुरहित उंदरांस दिले असता, सडपातळ उंदरांचे जंतू मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या अंगी चरबी अधिक साठली. आहार मात्र जवळजवळ सारखाच होता.

मग रोग्यास दोष कितपत द्यावा? ‘खाल्ले, म्हणून भोगतो’ हे आपले नित्याचे वाक्य आता अपुरे ठरते. आपले जंतू जन्मप्रसंगी मातेकडून, पुढे घरातील माणसांकडून येतात. औषधांनीही ते पालटतात. यांतील पुष्कळसे रोग्याने निवडलेले नसते. तथापि सारा भार जंतूंवर टाकून स्वस्थ बसणेही योग्य नव्हे, कारण रोजचा घास आपल्याच हाती असतो. स्वतःविषयी कठोर व दुसऱ्याविषयी उदार असावे, हाच विवेक आम्हांस येथे योग्य वाटतो.

या विवेकाचा आणखी एक वाटेकरी आहे, तो म्हणजे वाढणारा. गाय, कावळा, अतिथी यांच्यासाठी आधी घास काढून ठेवण्याची आपली रीत आहे. ज्यांची भूक दिसते त्यांचा विचार आपण करतो. ज्यांची दिसत नाही त्यांचाही करावा. इंद्रपुरीतील आपल्या पंगतींत शिऱ्याबरोबर उसळ व कोशिंबीरही सढळ हाताने वाढावी, आणि मधुमेही वडीलधाऱ्यांनी ‘पुरे’ म्हणून पानावर हात आडवा धरला, तर पुन्हा आग्रह करू नये.