मुक्या तोंडाचा घांस

गगनबावड्याचा पाऊस ज्यानें पाहिला आहे, त्याला आठवडेच्या आठवडे ओसरीवर बसून काढणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. अशाच एका श्रावणांत तेथें एका स्नेह्यांकडे मी राहिलों होतों. त्यांचा तेरा वर्षांचा कुत्रा उंबऱ्याशीं पडून असे. घरच्या आजी रोज दुपारीं दुधांत भाकरी कुसकरून, वर तुपाची धार सोडून त्याच्यापुढें ठेवीत. तो एकाच बाजूनें चावी व अर्धें अन्न टाकून उठे. "म्हातारा झाला आतां," असें म्हणून सर्वजण त्याच्या मस्तकावरून हात फिरवीत.

पाऊस उघडल्यावर त्याला सुमारें ५५ किलोमीटरवरील कोल्हापुरास नेलें. पशुवैद्यानें ओठ वर करून दाखविला: हिरडी सडून मागची दाढ हालत होती. रक्त तपासतां मूत्रपिंडेंही थकलेलीं आढळलीं. दाढ काढावयाची तर भूल देणें आलें, आणि या वयांत भुलीचा धोका. शिवाय यापुढें विशिष्ट आहारच द्यावयाचा. आजी एवढेंच म्हणाल्या, "जन्मभर माझ्या हातचें खाल्लें त्यानें. आतां शेवटीं त्याच्या तोंडचा घांस काढून घेऊं काय?"

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा आपण बाळपणापासून ऐकतों. पण त्या कथेंत तुपापेक्षां एक गोष्ट मोठी आहे, ती ही कीं खाणाऱ्याला कोरडें लागेल हें नामदेवांना दिसलें. आपलें प्रेम पुष्कळदां वाटीकडेच पाहतें, तोंडाकडे पाहत नाहीं. कुत्र्याला ४२ दांत असतात. त्यांवरील मळ दगडासारखा घट्ट होऊन हिरडीखालीं उतरतो, तरी तो प्राणी खातच राहतो. त्याच्या खाण्यावरून त्याला दुःख नाहीं असें मानणें ही आपली सोय आहे.

मांजराच्या बाबतींत तर ही सोय अधिकच बोचते. कुत्रा माणसाच्या सहवासांत पिष्टान्न पचवूं लागला; मांजराला टॉरीन नांवाचें द्रव्य मांसांतूनच मिळतें. तें न मिळाल्यास हृदय दुर्बल होतें, हें १९८७ सालीं सिद्ध झालें. शाकाहाराचें व्रत माझें. तें दूधभातावर ठेवलेल्या मांजरानें कां पाळावें?

पथ्याचें अन्न ही नुसती व्यापाऱ्यांची क्लृप्ति आहे, असेंही कित्येक म्हणतात. तिची सुरुवात मात्र अमेरिकेंत १९३९ च्या सुमारास, मार्क मॉरिस या पशुवैद्यानें एका अंध गृहस्थाला वाट दाखविणाऱ्या बडी नांवाच्या श्वानाच्या मूत्रपिंडांसाठीं केलेल्या अन्नापासून झाली. त्यांत फॉस्फरस कमी व प्रथिनें बेताचीं, हें तत्त्व आजही टिकलें आहे. व्यापार नंतर आला. आणि व्यापाऱ्याच्या प्रत्येक डब्याला कर्तव्य मानण्याचें कारण नाहीं. परवडत नसेल तर वैद्याच्या सल्ल्यानें घरींही कांहीं शिजवितां येतें. दांत घासावयास प्राण्यांचेंच मंजन हवें, आपलें नव्हे. आपल्या कांहीं पेस्टांतील झायलिटॉल कुत्र्याला विष आहे.

माणसांना औषध मिळत नसतां कुत्र्याच्या दाढेवर खर्च कां, असा आक्षेप ऐकूं येतो. तो नवी मोटार घेतांना क्वचितच ऐकूं येतो, हें असो. १९६० च्या कायद्यानें पाळणाऱ्यावर प्राण्याचें अनावश्यक दुःख टाळण्याचें कर्तव्य घातलेंच आहे. खरी अडचण पुढची आहे. पथ्य आवडलें नाहीं तर मांजर उपाशी बसतें, आणि कांहीं दिवसांच्या उपासानेंच त्याचें यकृत बिघडतें. आयुष्य चार महिन्यांनीं वाढविण्यासाठीं रोजचा घांस कडू करावा काय, याचें उत्तर रक्ताच्या तपासणींत नसतें. ज्याला विचारावयाचें तो बोलत नाहीं, म्हणून तें आपणच द्यावयाचें, आणि चुकलें तर तें आपल्याच पदरीं.

स्नेह्यांनीं दोन दिवस विचार करून दाढ काढविली. कुत्रा भुलींतून उठला. दूध बंद झालें, कारण त्यांत फॉस्फरस पुष्कळ. तूप मात्र थोडेंसें चालेल, असें वैद्यांनीं सांगितलें. तेव्हां आजी आतां त्या परक्या अन्नावर दोन थेंब सोडतात आणि तो दोन्ही बाजूंनीं चावतो कीं नाहीं, हें जवळ बसून पाहतात.